नऊपैकी पाच: नैराश्याची यादी कोल्हापुरात वाचताना

सिनॉप्सिसचा हंगाम सुरू झालाय. पेट पास झालेले, गाईड मिळालेले आणि विषय मात्र अजून हाती न लागलेले असे बरेच जण सध्या भेटतात. गेल्या महिनाभरात चौघांनी मला आपापले सिनॉप्सिस वाचायला दिले. विषय वेगवेगळे होते: मोबाईलचा वापर, स्पर्धा परीक्षा, ऊसतोड कामगार, हॉस्टेलमधल्या मुली. पण कार्यपद्धतीच्या प्रकरणात चौघांचंही एक वाक्य जवळजवळ शब्दशः सारखं होतं: ‘पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर १० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्यांना नैराश्यग्रस्त मानले जाईल.’

‘मानले जाईल’. कुणी मानलं? दहाच का, आठ का नाही? आणि ‘नैराश्यग्रस्त’ म्हणजे नक्की काय? व्हायव्हाला हे विचारतील न विचारतील, पण फॉर्म वाटायला निघण्याआधी याची उत्तरं तुम्हाला स्वतःला माहीत हवीत.

माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली, पीएच.डी.चं काम मोजमापातल्या चुकांवर. मी डॉक्टर नाही, त्यामुळे नैराश्य म्हणजे काय हे मी सांगणार नाही. मला एवढंच कळतं की मोजायचं साधन हातात आलं की आधी ते साधन तपासायचं. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेलात तर काटा बघितल्याशिवाय कुणी पुढं बोलत नाही. आपण संशोधक मात्र काटा कुठून आला हे न विचारता थेट वजन लिहून मोकळे होतो. म्हणून आज त्या काट्याची, म्हणजे नैराश्याच्या निकषांच्या यादीची, जरा चिकित्सा करू. (एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्यावर किंवा घरात कुणावर उपचार चालू असतील तर या लेखावरून गोळ्या बंद करू नका. यादीवर टीका करणं वेगळं आणि माणसाचा त्रास खोटा म्हणणं वेगळं.)

यादी कुठली? अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचं निदानाचं एक जाडजूड पुस्तक आहे, डीएसएम. त्याची पाचवी आवृत्ती २०१३ सालची. त्यात मोठ्या नैराश्यविकाराचे नऊ निकष दिलेत: उदास मनःस्थिती, कशातच रस किंवा आनंद न वाटणं, भूक किंवा वजनातला बदल, झोप कमी किंवा जास्त होणं, हालचाली मंदावणं किंवा उलट अस्वस्थपणा, थकवा, आपण कुचकामी किंवा अपराधी आहोत असं वाटणं, लक्ष न लागणं, निर्णय न घेता येणं, आणि मरणाचे किंवा आत्महत्येचे विचार. यातले किमान पाच, सलग दोन आठवडे, बहुतेक सगळा दिवस, जवळजवळ रोज. त्या पाचांत पहिल्या दोनपैकी एक असलाच पाहिजे. शिवाय त्यामुळे माणसाला लक्षणीय त्रास होत असला पाहिजे किंवा त्याचं कामकाज अडलेलं असलं पाहिजे.

तुमच्या पीएचक्यू-९ मधले नऊ प्रश्न म्हणजे हीच यादी, प्रश्नांच्या रूपात. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. ही प्रश्नावली ज्यांनी केली त्यांत रॉबर्ट स्पिट्झर होते आणि हेच स्पिट्झर १९८० च्या डीएसएम-३ चे, म्हणजे निकषांच्या याद्यांची पद्धत रूढ करणाऱ्या आवृत्तीचे प्रमुख होते. तेव्हा प्रश्नावली तपासायची तर आधी यादी तपासावी लागते.

आता वही-पेन घ्या. नऊ निकषांतून पाच किंवा अधिक किती प्रकारे जमतात? पाचांचे १२६ संच, सहांचे ८४, सातांचे ३६, आठांचे ९ आणि नऊचा १. बेरीज २५६. यातून ज्यांत पहिले दोन्ही निकष नाहीत असे संच काढून टाका. उरलेल्या सातांतून पाच, सहा किंवा सात निवडायचे, म्हणजे २१ अधिक ७ अधिक १, एकूण २९. उरले २२७. म्हणजे ‘नैराश्य’ हे एकच नाव २२७ वेगवेगळ्या रीतींनी मिळू शकतं. एकाला उदासी, झोप नाही, भूक नाही, अस्वस्थपणा आणि थकवा. दुसऱ्याला कशात रस नाही, थकवा, अपराधीपणा, लक्ष लागत नाही आणि मरणाचे विचार. दोघांत सामाईक काय? फक्त थकवा. आणि ‘झोप कमी किंवा जास्त’ हा एकच निकष आहे हे लक्षात घेतलं तर फरक अजून वाढतो.

हे नुसतं कागदावरचं गणित आहे असं कुणी म्हणेल. पण आयको फ्रीड आणि रँडॉल्फ नेसे या दोघांनी २०१५ साली अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या उपचार-चाचणीतल्या ३,७०३ रुग्णांची लक्षणं थोडी सुटी करून मांडली, तर १,०३० वेगवेगळे नमुने निघाले. त्यातले जवळपास निम्मे नमुने असे की ते फक्त एकेकाच रुग्णात होते. आता तुम्ही जेव्हा ‘नैराश्यग्रस्त गट’ आणि ‘सामान्य गट’ असे दोन रकाने करून टी-टेस्ट लावता, तेव्हा पहिल्या रकान्यात नक्की कोणाची सरासरी काढताय, हा प्रश्न मी विचारला तर राग मानू नका.

हे पाच आले कुठून? मला वाटलं होतं यामागं काहीतरी वक्र असेल, कुठंतरी आलेखाला बाक येत असेल आणि तिथं रेघ मारली असेल. तसं नाही. १९५७ साली कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी एका अभ्यासासाठी दहापैकी सहा लक्षणांची अट ठेवली होती. सहाच का, असं नंतर कॅसिडींना विचारलं तेव्हा त्यांचं उत्तर साधारण असं होतं की तो आकडा बरोबर वाटला. १९७२ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटानं, ज्याला फायनर निकष म्हणतात, त्यात उदासी अधिक आठपैकी पाच असं केलं, आणि मुदत महिन्याची ठेवली. डीएसएम-३ मध्ये आठपैकी चार झाले आणि मुदत दोन आठवड्यांवर आली. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत नऊपैकी पाच. तेव्हापासून तोच आकडा चालू आहे. कुलाचार असतो तसा.

यात लबाडी नाही, हे नीट समजून घ्या. कुठंतरी रेघ मारावीच लागते. पस्तीस गुणांना पास हीसुद्धा अशीच रेघ आहे. पण चौतीसवाला आणि पस्तीसवाला यांच्या मेंदूत फरक असतो असं आपण म्हणत नाही. पाच निकषवाला आणि चार निकषवाला यांच्याबद्दल मात्र आपण प्रबंधात तसं लिहितो.

मग याद्या करायच्याच कशाला? यादीवर टीका करणारे बरेच लेख इथं येऊन थांबतात आणि मला ते पटत नाही. यादीच्या आधी काय होतं ते बघा. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत लंडनपेक्षा कितीतरी जास्त लोकांना स्किझोफ्रेनियाचं निदान मिळायचं. अमेरिकेतल्या लोकांच्या डोक्यात काही वेगळं चाललं होतं का? एका संयुक्त प्रकल्पात दोन्ही शहरांतल्या रुग्णांच्या एकाच ठरलेल्या पद्धतीनं मुलाखती घेतल्या, तर फरक बहुतांशी नाहीसाच झाला. फरक रुग्णांत नव्हता, डॉक्टरांच्या सवयीत होता. हे १९७२ साली पुस्तकरूपानं आलं. ‘अनुभवी माणसाला बघताक्षणी कळतं’ या म्हणण्याची किंमत तिथं दिसते. याद्यांनी पहिल्यांदा हे मतभेद मोजता येण्याजोगे केले. माझ्या मते ही त्यांची मोठी कामगिरी आहे आणि ती नाकारून पुढं जाता येत नाही.

मोजले तर किती निघाले? इथं कॅप्पा लागतो. जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलेला हा आकडा नेटच्या पेपरात सूत्र म्हणून पाठ केलेला असतो. एकदा त्याचा अर्थ बघू. समजा दोन डॉक्टर आहेत, शंभर रुग्ण आहेत, आणि दोघेही आपापल्या परीनं तीस-तीस जणांना नैराश्य आहे म्हणतात. दोघांनी नुसती चिठ्ठी टाकून ठरवलं असतं तरी ९ जणांबद्दल दोघांचं ‘हो’ आणि ४९ जणांबद्दल दोघांचं ‘नाही’ जुळलं असतं. म्हणजे ५८ ठिकाणी फुकटची जुळणी. प्रत्यक्षात ७० ठिकाणी जुळलं, तर खरी कमाई बारा. कमावण्याजोगे होते बेचाळीस. बारा भागिले बेचाळीस, म्हणजे सुमारे ०.२९. ‘सत्तर टक्के एकमत’ ऐकायला बरं वाटतं, ०.२९ वाटत नाही. आकडे तेच आहेत.

डीएसएम-५ च्या क्षेत्रचाचण्यांत मोठ्या नैराश्यविकाराचा कॅप्पा आला ०.२८. आघातानंतरच्या ताणविकाराचा ०.६७, स्किझोफ्रेनियाचा ०.४६. म्हणजे सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या निदानावर तयारीच्या डॉक्टरांचंही फारसं एकमत नव्हतं. एक गोष्ट मात्र चाचण्यांच्या बाजूनं सांगायला हवी. आधीच्या आवृत्त्यांचे आकडे चांगले दिसतात त्यामागं मांडणीचाही हात आहे. त्यांत बऱ्याचदा ठराविक साच्याच्या मुलाखती असायच्या किंवा दोघे एकच मुलाखत बघून मत द्यायचे. डीएसएम-५ मध्ये दोन डॉक्टर एकाच रुग्णाला वेगवेगळ्या वेळी, आपल्या नेहमीच्या पद्धतीनं भेटले. ओपीडीत घडतं त्याच्या हे जवळ आहे. आकडा कमी आला कारण प्रश्न जास्त प्रामाणिकपणे विचारला होता. रिलायबिलिटीचा आकडा लिहिताना तो कसा काढला हे न लिहिणं म्हणजे किलो की पौंड हे न लिहिता वजन लिहिण्यासारखं आहे.

आता मला ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायचा होता तो. वर मी म्हटलं की पहिल्या दोन निकषांपैकी एक असलाच पाहिजे. ही दोन दारं आहेत: उदासी आणि रस नसणं. बाकीचे सात आत बसलेले, पण दार उघडायचा अधिकार त्यांना नाही. आता जागतिक आरोग्य संघटनेची यादी बघा, आयसीडी. तिच्या दहाव्या आवृत्तीत तीन मुख्य लक्षणं होती: उदासी, रस नसणं आणि थकवा. अकराव्या आवृत्तीत, जी २०१९ मध्ये मंजूर झाली आणि २०२२ पासून लागू आहे, थकव्याचा तो मान गेला. यादी दहाची झाली, निराशा हा निकष नव्यानं आला, पाचांची अट आली आणि दारं दोनच उरली. दोन पुस्तकं एकमेकांच्या जवळ आणायच्या प्रयत्नात थकवा ओसरीवरून मागच्या खोलीत गेला.

आता आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून ऐका. ‘अंगात त्राण न्हाई’, ‘अशक्तपणा लय आलाय’, ‘हातापायाची आग होत्या’, ‘डोकं जड’, ‘छातीत धडधडतंय’. ‘मी उदास आहे’ असं म्हणत आलेला माणूस मी तरी आमच्या गल्लीत पाहिलेला नाही. उदास हा शब्द आपण संध्याकाळसाठी किंवा गझलेसाठी ठेवलाय. त्रास अंगातून बोलतो आणि पहिलं नाव थकव्याचं घेतो. आणि नव्या याद्यांत दाराशी थकवा नाही.

हे मी एकटी म्हणत नाही, पुण्यात हे शास्त्रीय पद्धतीनं तपासून झालंय. केईएम रुग्णालयातले वासुदेव परळीकर, मोहन आगाशे (हो, तेच, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना, ते मानसोपचारतज्ज्ञ आहेत हे आपण विसरतो), संख्याशास्त्राची बाजू सांभाळणारे संजीव सरमुकद्दम आणि मिचेल वाइस यांनी थकवा-अशक्तपणाची तक्रार घेऊन आलेले रुग्ण अभ्यासले. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की त्यांनी फक्त मानसोपचाराच्या ओपीडीत रुग्ण शोधले नाहीत. मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद याही ओपीडी घेतल्या, कारण अशक्तपणावाला माणूस मानसोपचाराकडे मुळात जातच नाही. मग एकाच रुग्णांवर वेगवेगळ्या याद्या लावून बघितल्या: जागतिक आरोग्य संघटनेची, अमेरिकेची, चीनची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचं म्हणणं थोडक्यात असं की याद्यांची आपसात जुळणी कमजोर निघाली. एका यादीनं पकडलेला रुग्ण दुसरीनं पकडेलच असं नव्हतं. माणूस तोच, अशक्तपणा तोच, नाव मात्र पुस्तकाप्रमाणे बदलतं.

त्याच्या आधी वाइस यांनी मुंबईत कुष्ठरुग्णांबरोबर काम करताना मुलाखतीची एक पद्धत घडवली होती, एमिक नावाची, जी १९९२ साली प्रसिद्ध झाली. तिचा गाभा साधा आहे: तुम्ही याला काय म्हणता, कशामुळे झालं असं तुम्हाला वाटतं, घरच्यांना काय सांगितलंत, हे रुग्णालाच विचारायचं आणि तेही मोजता येईल अशा रीतीनं नोंदवायचं. पुढं डीएसएम-५ नं सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत घातली, तेव्हा तिच्या क्षेत्रचाचणीत सहा देश होते आणि आपल्याकडचं पुणे त्यात होतं. पण ही मुलाखत पुस्तकात कुठं आहे? मागच्या भागात, जिथं अजून पुरेसं संशोधन व्हायचंय अशा गोष्टी ठेवतात तिथं. निकष पुढं आणि ‘तुम्ही याला काय म्हणता’ हा प्रश्न मागं. माझी या पुस्तकावरची मुख्य तक्रार ही आहे.

गोव्यातलं उदाहरण याहून बोलकं आहे. ‘अंगावरून पांढरं जातंय’ ही आपल्या बायकांची नेहमीची तक्रार. डॉक्टर बहुधा जंतुसंसर्गाची औषधं देतात. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास करून २००५ साली दाखवलं की या तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मानसिक त्रासाशी आणि घरातल्या परिस्थितीशी जास्त आहे. ‘पांढरं जाणं’ नऊपैकी एकाही निकषात नाही. ती बाई तुमच्या सर्वेक्षणात शून्याच्या जवळ गुण घेऊन ‘सामान्य गटात’ बसली असेल.

भाषांतराचंही असंच. दुसरा निकष, कशात रस न वाटणं. मराठी प्रश्नावल्यांत त्याचं भाषांतर असतं, व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबरही असतं. पण लोक काय म्हणतात? ‘काही गोड लागत नाही’ आणि ‘करमत नाही’. यातलं पहिलं बरंच जवळचं आहे. दुसरं बघा. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, आईला करमत नाही. हॉस्टेलवर आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीला करमत नाही. लाईट गेली, टीव्ही बंद, आजोबांना करमत नाही. आठवण, कंटाळा, एकटेपणा आणि रस जाणं हे सगळं एका क्रियापदात. मुलाखत घेणाऱ्यानं रस नसण्याचा प्रश्न समजावून सांगताना ‘म्हणजे करमत नाही का?’ असं विचारलं, की होकार धडाधड वाढतात. आणि ‘टेन्शन’ या शब्दाबद्दल तर बोलायलाच नको, त्यात गृहकर्जापासून भीतीच्या झटक्यापर्यंत सगळं मावतं. प्रश्नावली मराठीत आहे म्हणजे ती मराठी माणसावर तपासलेली आहे असं नाही. उलट भाषांतर करून जुळवून बघणं ही नुसती सुरुवात. कोणत्या निदानाशी, कुणाच्या मुलाखतीशी ताडून बघितलं हे शोधा. गोव्यातच २००८ साली पाच वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकाच रुग्णांवर, सविस्तर मुलाखतीशी ताडून बघितल्या गेल्या. तिथं सरस ठरल्या त्या जीएचक्यू आणि एसआरक्यू या जुन्या प्रश्नावल्या. तो निबंध न वाचता पीएचक्यूच का घेतली, याचं उत्तर ‘सगळे घेतात’ असं असेल तर तसं निदान मनाशी तरी कबूल करा.

मुदतीबद्दल एक परिच्छेद लिहिते, कारण त्यावर वेगळा प्रबंध होऊ शकतो आणि कुणीतरी तो करावा. डीएसएम-४ मध्ये जवळचं माणूस गेल्यावर साधारण दोन महिने नैराश्याचं निदान टाळायची सूट होती. डीएसएम-५ नं ती काढली. त्यानंतर लांबलेल्या शोकाचा विकार वेगळा आला: आयसीडी-११ मध्ये किमान सहा महिने, २०२२ च्या डीएसएम सुधारणेत प्रौढांसाठी किमान बारा महिने. दोन्ही याद्या ‘त्या संस्कृतीत अपेक्षित असेल त्यापेक्षा जास्त’ अशी पुस्ती जोडतात. आपल्याकडं अपेक्षित काय असतं, हे कुठं लिहिलंय? दहावा, तेरावा, महिन्या-महिन्याचं आणि मग वर्षश्राद्ध. घरात वर्षभर मंगलकार्य न करणारी कुटुंबं तुमच्याही ओळखीत असतील. सहा महिन्यांची रेघ या वर्षाच्या ऐन मध्यावर पडते. कोविडात तर पुष्कळांना साधं अंत्यदर्शनही मिळालं नाही, पुढचे विधी लांबचे. त्यांचं वर्ष कधी सुरू झालं असं धरायचं? समाजशास्त्र आणि मानसशास्त्र दोन्ही येणाऱ्या कुणीतरी हे हातात घ्या.

आता परत तुमच्या दहा गुणांकडे. पहिली अडचण: नुसत्या बेरजेत दारांची अट गळून पडते. ऊसतोडीच्या हंगामात पहाटे फडावर जाणारा माणूस धरा. थकवा तीन, झोप तीन, भूक दोन, लक्ष न लागणं दोन. झाले दहा. उदासी शून्य, रस नसणं शून्य. यादीप्रमाणे त्याला नैराश्य नाही, तुमच्या वाक्याप्रमाणे आहे. त्याला विश्रांती हवी आहे, हे कळायला प्रश्नावली लागत नाही.

दुसरी अडचण शुद्ध गणिताची. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण, २०१५-१६, निमहान्सनं केलं. त्यात निदानाची मुलाखत वापरली होती आणि सध्या नैराश्यविकार असलेल्या प्रौढांचं प्रमाण २.७ टक्के आलं. हाच आकडा धरून हजार जणांना फॉर्म द्या. खरे रुग्ण २७. दहाच्या रेघेवर पीएचक्यू-९ ची पकड साधारण ८८ टक्के आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याची क्षमता ८५ टक्के धरू. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली आलेले आकडे असेच आहेत. तर २७ पैकी २४ सापडतील. उरलेल्या ९७३ निरोगी माणसांपैकी १५ टक्के, म्हणजे १४६ जण, चुकून आत येतील. एकूण १७०. तुमच्या प्रबंधात ‘१७ टक्के नैराश्यग्रस्त’ असं छापलं जाईल आणि त्यातल्या दर सातांपैकी साधारण एकच खरा असेल. पेपरवाल्यांनी हेडलाईन केली तर दोष त्यांचा नाही. चाळणीतून खाली आलेलं सगळं पीठच असं समजून आपण पोतं भरलं. चाळणी ही चाळणीच असते. पुढं मुलाखत घेऊनच निदान होतं. म्हणून ‘नैराश्यग्रस्त’ च्या जागी ‘प्रश्नावलीवर १० किंवा अधिक गुण’ लिहा. वाक्य रुक्ष होईल, पण खरं असेल.

जाता जाता: त्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा राज्यं होती. पश्चिमेकडून गुजरात आणि राजस्थान. महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे ‘सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात’ अशी वाक्यं ज्या सिनॉप्सिसमध्ये आहेत त्यांनी ती आजच काढावीत. वरचा २.७ हा आकडाही मी कोल्हापूरचा म्हणून दिलेला नाही, गणितासाठी घेतलाय.

शेवटचा मुद्दा नवव्या प्रश्नाचा, आणि तो मी सगळ्यांत गंभीरपणे लिहितेय. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तुम्ही निनावी गूगल फॉर्म तीनशे मुलांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. रात्री दीड वाजता कुणीतरी त्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ वर टिक केली. तुम्हाला ते तीन आठवड्यांनी एक्सेलमध्ये दिसणार, नाव नाही, नंबर नाही. ज्या चार सिनॉप्सिसबद्दल सुरुवातीला बोलले, त्यांपैकी एकातही या माणसाचं काय करायचं हे लिहिलेलं नव्हतं. निनावीपणा ठेवायचा असेल तर त्या प्रश्नाखाली आणि फॉर्मच्या शेवटी मदतीचा क्रमांक द्या. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. संपर्क ठेवणार असाल तर किती तासांत, कोण, कुणाकडे पाठवणार हे आधी ठरवा, त्या डॉक्टरांशी किंवा समुपदेशकांशी आधी बोलून ठेवा आणि ते संस्थेच्या नैतिकता समितीपुढं लेखी मांडा. यातलं काहीच जमणार नसेल तर आठच प्रश्नांची आवृत्तीही उपलब्ध आहे, पीएचक्यू-८. ती वापरा. पण ती घेतल्यानं तो माणूस तुमच्या तीनशेत नाही असं होत नाही, तेव्हा क्रमांक तिथंही द्याच.

सिनॉप्सिस दुरुस्त करून कुणाला परत पाठवायचा असेल तर पाठवा. मी वाचेन. सोबत प्रश्नावलीची मराठी प्रत आणि ती कुठून घेतली ते लिहा; नुसती ‘नेटवरून’ असेल तर आधी मूळ शोधून काढा, मग पाठवा.